बक्षीस देऊन कुत्र्याला शिकवताना: खूण, चटई, दाराची बेल आणि हाक

बेल वाजली की दारावर झेप, पाहुण्यांच्या अंगावर उड्या आणि बाहेर मोकळा सोडला की हाकेला ओ नाही. घरोघरच्या या तीन तक्रारी. अशा बहुतेक घरांत कुत्र्याच्या कानावर दिवसभर ‘नको’, ‘नाही’, ‘गप’ पडत असतं. पण मग त्या वेळी त्याने नेमकं करायचं काय, हे कुणी शिकवलेलं नसतं. बेल वाजल्यावर चटईवर जाऊन पडणं ही एक कृती आहे आणि ती शिकवता येते. त्यासाठी लागतात खाऊचे बारीक तुकडे, दिवसातली दहा-पंधरा मिनिटं आणि आपला हात नेमका केव्हा हलवायचा याची शिस्त.

यामागचं तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती प्राणी पुन्हा करतो. बी. एफ. स्किनर या दुसऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते पुढे नेलं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४० च्या दशकात प्रयोगशाळेबाहेर येऊन प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला. कृती घडली तो क्षण ठरावीक आवाजाने टिपायचा आणि मग खाऊ द्यायचा, ही पद्धत त्या कामातून रुजली. खाली जे सांगितलं आहे ते सगळं याच पायावर उभं आहे.

तयारी: काय खाऊ, किती आणि कसा

सर्वांत सोपा खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बोनलेस. शाकाहारी घरात पनीर. चालत असेल तर उकडलेलं अंडं, काही कुत्र्यांना उकडलेलं रताळं किंवा गाजरही भारी आवडतं. तुकडा वाटाण्याएवढा, लहान पिल्लासाठी तुरीच्या डाळीएवढा. मोठा तुकडा चावायला वेळ जातो, तेवढ्यात कुत्रा आपण काय करत होतो ते विसरतो आणि दहा घासांत त्याचं पोटही भरतं.

प्रमाण सांभाळायला हवं. बक्षिसाचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला. १५ किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे बक्षिसाचा वाटा ८०-९० किलोकॅलरी. शिजलेलं चिकन ५० ग्रॅम किंवा पनीर ३० ग्रॅम एवढ्यात बसतं. बारीक चिरलं तर ५० ग्रॅम चिकनचे दोनशे तुकडे सहज होतात आणि एका दिवसाच्या सगळ्या शिकवणीला ते पुरून उरतात. घरात शांतपणे करायच्या सोप्या सरावाला रोजच्या जेवणातलेच कोरड्या खाद्याचे दाणे वापरा आणि तेवढे ताटलीतून कमी करा. चिकन अवघड जागेसाठी राखून ठेवा.

काय देऊ नये ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या: चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि बेदाणे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे प्रेमापोटी हमखास दिले जातात. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतात. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर ‘झायलिटॉल’ (साखरेऐवजी वापरतात तो, कुत्र्यांना विषारी पदार्थ) लिहिलेलं नाही ना, ते वाचा. सुकट-बोंबलाच्या वासाने कुत्रे वेडे होतात हे खरं, पण खारवलेले मासे नकोत.

बाकी सामान थोडंच. कमरेला लावायची छोटी पिशवी, जिचं तोंड एका हाताने उघडतं. छातीवर बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा. हाकेच्या सरावासाठी १० मीटरची लांब दोरी. आणि न घसरणारी एक चटई. शिकवणीची वेळ जेवणाच्या आधीची, पण कुत्र्याला उपाशी ठेवून मुळीच नाही. भुकेने कासावीस झालेला कुत्रा फक्त हाताकडे बघतो.

खूण: सगळ्यात आधी हे

खूण म्हणजे असा छोटा आवाज, ज्याचा अर्थ कुत्र्यासाठी एकच: ‘आत्ता जे केलंस त्याचं बक्षीस येतंय.’ क्लिकर हे बटण दाबल्यावर टिकटिक करणारं छोटं खेळणं त्यासाठीच मिळतं. ते नको असेल तर एक शब्द निवडा. ‘येस’ चांगला चालतो. ‘छान’ किंवा ‘हो’ नको, कारण ते आपण फोनवर, टीव्हीसमोर, एकमेकांशी दिवसभर बोलत असतो आणि त्यामागून खाऊ येत नाही. क्लिकरच्या आवाजाने कुत्रा दचकत असेल तर तो खिशात ठेवून दाबा किंवा बॉलपेनच्या बटणाचा आवाज वापरा.

खुणेला अर्थ द्यायचा तो असा. टीव्ही बंद, खोलीत तुम्ही दोघंच. ‘येस’ म्हणा, मग एक तुकडा द्या. थांबा. कुत्रा इकडेतिकडे बघू लागला की पुन्हा ‘येस’ आणि तुकडा. असं दहा-बारा वेळा. दुसऱ्या दिवशी परत एकदा. कुत्रा दुसरीकडे बघत असताना ‘येस’ ऐकून झटकन मान वळवू लागला की खूण बसली.

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मगच हात हलणार. बहुतेक नवख्या माणसांचा हात आवाजाच्या आधी पिशवीकडे जातो. मग कुत्रा आवाज ऐकतच नाही, त्याचं लक्ष हातावर खिळतं. हात पोटाशी स्थिर ठेवा, खूण करा, एक क्षण जाऊ द्या, मग पिशवीत हात घाला.

वेळेची चूक किती महागात पडते ते पाहा. कुत्रा बसला. तुम्हाला आनंद झाला, पिशवीची चेन उघडलीत, तुकडा बोटांत सापडेना. तेवढ्यात तो उठला, एकदा भुंकला आणि तुकडा त्याच्या तोंडात गेला. त्याच्या हिशेबी बक्षीस भुंकण्याचं. बसल्याच्या अर्ध्या सेकंदात ‘येस’ आलं असतं, तर तुकडा शोधायला दोन सेकंद लागले तरी चाललं असतं. म्हणून कुत्र्याविना सराव करा: घरातल्या कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकतो त्याच क्षणी ‘येस’ म्हणा. टप्प्याच्या आधी नाही, नंतरही नाही. पाच मिनिटांत स्वतःची गती कळते.

बसणं, आणि शब्द केव्हा जोडायचा

ही सगळ्यात सोपी कृती, म्हणून आपला हात बसवायला हिच्यावरच सराव करावा. तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाला लागेल इतका जवळ न्या. तिथून हळूच वर आणि मागे, डोक्यावरून शेपटीच्या दिशेने. नाक वर गेलं की बूड खाली जातं. टेकताक्षणी ‘येस’ आणि तुकडा.

कुत्रा मागे मागे सरकतो? हात फार मागे गेला. भिंतीच्या कोपऱ्यात करून बघा. पुढचे पाय उचलून उडी मारतो? हात फार वर आहे. अर्धवट बसून उठतो? फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरत असतील तर अनेक कुत्रे बसायला तयार होत नाहीत, पायाखाली सतरंजी टाका. तरीही टाळत असेल, बसताना कण्हत असेल, तर कंबर किंवा गुडघ्याचं दुखणं असू शकतं. शिकवणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुकडा चिमटीत धरून फक्त तीन-चार वेळा. त्यानंतर तसाच हात, पण रिकामा. बक्षीस दुसऱ्या हाताने पिशवीतून. ही पायरी लांबवली की ‘खाऊ दिसला तरच ऐकतो’ असा कुत्रा तयार होतो. आधी दाखवलं तर ते आमिष, कृतीनंतर आलं तर बक्षीस. वागणूक पक्की करतं ते दुसरं.

‘बस’ हा शब्द अजून उच्चारलेलाही नाही, हे लक्षात आलं असेल. रिकाम्या हाताच्या इशाऱ्यावर तो पाचपैकी पाच वेळा बसू लागला की मगच शब्द आणायचा. आधी शब्द, मग एक सेकंद थांबून हात. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात वाचतो आणि शब्द त्याच्या कानावरून जातो. कुत्र्यांना देहबोली शब्दापेक्षा लवकर कळते. शब्द मराठी घ्या की इंग्रजी, फरक पडत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच घ्यावा. आजोबा ‘बस’, मुलगी ‘सिट’ आणि आई ‘खाली बस बघू शहाण्यासारखा’ असं म्हणत असतील, तर ते तीन वेगळे धडे होतात.

आता पुढच्या सगळ्याला लागू पडणारा एक नियम. सराव पाच-पाचच्या फेऱ्यांत करा. पाचही जमले तर पुढची पायरी. तीन-चार जमले तर तिथेच थांबून आणखी एक फेरी. दोन किंवा कमी जमले तर पायरी मोठी झाली आहे, मागे या. कुत्रा ‘हट्टी’ आहे असं वाटू लागलं की आधी ही मोजणी करून बघा. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीन. सुरुवातीला मिनिटाला आठ-दहा बक्षिसं गेली तर वेग बरोबर आहे. मिनिटात दोनच जात असतील तर तुम्ही अवघड मागताय.

चटई: सगळ्यात उपयोगी धडा

एकच गोष्ट शिकवायची असेल तर आम्ही ही शिकवायला सांगू. जेवताना, पाहुणे आल्यावर, डॉक्टरांच्या दवाखान्यात, गाडीत, फटाक्यांच्या दिवसांत, सगळीकडे ती उपयोगी पडते.

इथे तुकडा दाखवून ओढत न्यायचं नाही. कुत्र्याला स्वतः शोधू द्यायचं आणि जवळ जाणाऱ्या प्रत्येक कृतीची खूण करायची. चटई फक्त सरावापुरती अंथरा, नंतर गुंडाळून ठेवा.

१. चटई अंथरताना कुत्रा वास घ्यायला येतोच. त्याने नुसतं पाहिलं तरी ‘येस’, तुकडा चटईवर टाका. हातात देऊ नका. बक्षीस जिथे पडतं ती जागा कुत्र्याला प्रिय होते.

२. तुकडा खाऊन तो उभा राहिला की दुसरा तुकडा चटईबाहेर तीन-चार फुटांवर फेका. तो खाऊन परत वळेल. हीच पुढच्या प्रयत्नाची सुरुवात.

३. आता एक पाय चटईवर पडला की खूण. पाचपैकी पाच झालं की दोन पाय, मग चारही.

४. चारही पाय ठेवून उभा राहतो. आता ‘येस’ दोन सेकंद उशिरा. बरेच कुत्रे विचारात पडून बसतात किंवा आडवे होतात. कोपर जमिनीला टेकताक्षणी खूण आणि या वेळी एकापाठोपाठ चार-पाच तुकडे, दोन्ही पंजांच्या मध्ये.

५. पडून राहू लागला की वेळ वाढवा, पण सरळ चढत्या क्रमाने नको. ३ सेकंद, ८, ५, १२, ४, १५ असं. प्रत्येक वेळ मागच्यापेक्षा लांबच होत गेली तर कुत्रा कंटाळून उठायला शिकतो.

६. उठायची परवानगी देणारा शब्द ठरवा. ‘सुट्टी’ छान आहे. ‘सुट्टी’ म्हणा, तुकडा चटईबाहेर फेका. बक्षिसाची रास मात्र चटईवरच. बाहेर एखादाच तुकडा.

७. चटई दिसताच तो धावत जाऊन आडवा होऊ लागला की ‘जागेवर’ हा शब्द जोडा. तो निघण्याच्या क्षणभर आधी म्हणा.

साधारण घरात चौथ्या पायरीपर्यंत पोचायला दोन-चार दिवस लागतात, काही कुत्र्यांना पंधरवडा. रस्त्यावरून आणलेला, माणसांशी जपून वागणारा कुत्रा पहिल्या दोन पायऱ्यांवर आठवडाभर थांबला तरी काही बिघडत नाही.

यापुढे अडचणी तीन प्रकारच्या वाढतात: किती वेळ, किती अंतर, किती गडबड. एका वेळी एकच वाढवायची आणि ती वाढवताना बाकीच्या दोन कमी करायच्या. घरात तीस सेकंद पडून राहणारा कुत्रा तुम्ही पहिल्यांदा एक पाऊल मागे गेलात की उठेल. म्हणून अर्धं पाऊल मागे, लगेच परत, तुकडा. मग एक पाऊल. मग वळून पाठ दाखवणं. मग दाराच्या चौकटीपर्यंत. प्रत्येक वेळी तुम्ही परत जाऊन तुकडा चटईवर द्यायचा. त्याला आपल्याकडे बोलावून तुकडा दिला तर चटई सोडण्याचं बक्षीस मिळालं.

दाराची बेल

इथे लोक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात: खरी बेल, खरा पाहुणा आणि वर ओरडणं. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं, सगळेच मिळून भुंकतोय.

सराव पक्का होईपर्यंत जुनी सवय रोज घोटली जाऊ नये, याची व्यवस्था आधी करा. दूधवाला, पेपरवाला, कुरिअर, जेवण पोचवणारी मुलं यांच्यासाठी दारावर चिठ्ठी लावा: ‘बेल वाजवू नका, फोन करा.’ दिवसातून दहादा दारावर धावून जाणारा कुत्रा दिवसातून दहादा त्याचा सराव करतोय, आणि बाहेरचा माणूस प्रत्येक वेळी निघून जातो, म्हणजे भुंकण्याला यशही मिळतंय.

आता आपल्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. सगळ्यात बारीक आवाजात वाजवा आणि कुत्र्याने काहीही केलं तरी चटईवर पाच तुकडे टाका. भुंकला तरीही. या टप्प्यावर आपण कृती शिकवत नसतो, आवाजाचा अर्थ बदलत असतो. बेल वाजली की चटईवर खाऊ पडतो, एवढंच त्याच्या मनात भरवायचं. दिवसाला आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या वेळी. बेल ऐकून तो दाराऐवजी चटईकडे बघू लागला की काम झालं. मग आवाज थोडा मोठा, आणि आता खूण तो चटईवर पोचल्यावर.

यानंतरचा जिना असा. आवाज पूर्ण, दार बंद. घरातलं माणूस कडीला हात लावतं. कडी वाजते. दार चार बोटं उघडून बंद. दार पूर्ण उघडं, बाहेर कुणी नाही. बाहेर घरातलंच माणूस. मग ओळखीचे शेजारी, बोलणं न करता. मग बोलणं. प्रत्येक पायरीवर पाच-पाचचा नियम. शेजाऱ्यांना आधी विनंती करून ठेवा, की पंधरा मिनिटांत चार-पाच वेळा बेल वाजवायची आहे. लोक आनंदाने करतात.

पाहुणा आत आल्यावर उड्यांचा प्रश्न उरतोच. हार्नेसला पट्टा लावून ठेवा, म्हणजे उडी पोचतच नाही. चारही पाय जमिनीवर असताना ‘येस’, तुकडा जमिनीवर. पाहुण्यांना एवढंच सांगा: त्याचे पाय खाली असतील तरच बघा, बोला, हात लावा. आजवर उडी मारून लाड मिळाले असतील तर ते बंद झाल्यावर पहिले काही दिवस उड्या वाढतात, आणखी जोरात येतात. हे अपेक्षित आहे. नेमक्या त्या दिवसांत एखाद्या काकांनी ‘असू दे, मला आवडतं’ म्हणून लाड केले, तर कुत्रा शिकतो की आणखी जोर लावला की जमतं. काकांनाही दोन तुकडे हातात द्या आणि कामाला लावा.

हाक

हाकेसाठी नवा शब्द घ्या. रोजचं नाव आणि ‘ये’ हे दोन्ही वापरून वापरून गुळगुळीत झालेले असतात. शिटीचा ठरावीक सूरही उत्तम. रागात असलो तरी शिटी तशीच वाजते.

पहिला आठवडा घरात. दोन मीटरवरून शब्द उच्चारा, लगेच दोन पावलं मागे पळा. तो आला की ‘येस’, एका हाताने हळूच गळ्याचा पट्टा धरा आणि मग सहा-सात तुकडे, एकेक करून. पट्टा धरणं यात घालायलाच हवं. नाहीतर जवळ येऊन हात लांब केला की निसटणारा कुत्रा तयार होतो. दिवसात दहा हाका पुरे. मग दुसऱ्या खोलीतून, मग इमारतीच्या मोकळ्या पॅसेजमध्ये, मग बागेत किंवा मैदानात १० मीटरच्या दोरीवर.

दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. धावत सुटलेल्या कुत्र्याला मानेवर हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं सोलवटतात. हातमोजे घाला. ओढून आणायला ती नाही, निसटू नये म्हणून आहे.

हाक मारल्यावर दोन सेकंदांत हालचाल दिसली नाही, तर शब्द पुन्हा उच्चारू नका. चारदा मारलेली हाक कुत्र्याला एवढंच शिकवते, की पहिल्या तीन सोडून द्यायच्या. त्याऐवजी जवळ जा, ओठांनी चुकचुक करा, पाठ फिरवून उलट दिशेला धावा. आला की बक्षीस द्या, उशिरा आला तरी. रागावलात तर तो राग ‘आलो तेव्हा’शी जोडला जातो, ‘उशीर केला’शी नाही.

आंघोळ, नखं कापणं, कानात औषध, खेळ संपवून घरी जाणं: यासाठी या शब्दाने बोलवायचं नाही. जाऊन घेऊन या. बागेत दहा हाकांपैकी नऊ वेळा तरी बक्षीस देऊन त्याला परत खेळायला सोडा. ‘गेलो तर खेळ संपत नाही’ ही खात्री त्याला चिकनएवढीच हवी असते.

कारवानी किंवा मुधोळ पाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. नजरेने सावज हेरून पाठलाग करण्यासाठीच ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहेत. ससा किंवा मांजर पळताना दिसल्यावर हाक पोचेल या भरवशावर उघड्या माळावर त्यांना सोडू नका. कुंपण असेल तिथेच मोकळं सोडा. शहरात गल्लीतल्या कुत्र्यांचाही विचार करा. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. त्या टाळून रस्ता निवडा आणि समोर टोळी दिसली की हाकेची परीक्षा न घेता अंतर वाढवा.

उन्हाळ्यात बाहेरचा सराव सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे तळपायही तिथे टेकवू नका.

खाऊ नाकारला तर

घरात चिकनसाठी जीव टाकणारा कुत्रा रस्त्यावर तोंड फिरवतो, तेव्हा त्याला चव आवडली नाही असं नसतं. तो घाबरलेला असतो, उष्माघाताच्या वाटेवर असतो किंवा समोरच्या गोष्टीने पुरता भारावलेला असतो. झोप नसताना जांभई, सारखी ओठांवर जीभ, मान वळवून दुसरीकडे बघणं, अचानक जमीन हुंगत बसणं, शेपटी पोटाखाली: ही ताणाची लक्षणं आहेत. तिथून दूर जा. ज्या अंतरावर तो पुन्हा तुकडा घेतो, तेच आजचं शिकवणीचं अंतर.

घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिल्याने भीती वाढत नाही. ढोल किंवा फटाक्यांची सवय करायची असेल तर रेकॉर्ड केलेला आवाज, बेलसारखाच, अगदी हळू आवाजापासून, आणि सुरुवात दिवाळीच्या तीन-चार महिने आधी. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शिकवणी नको. त्या दिवशी आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि चटई एवढंच पुरे.

गुरगुरण्याला शिक्षा करू नका. ती त्याची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा येतो. गळ्याला झटके देणं, ओरडणं, विजेचे पट्टे यांबद्दल २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा पद्धती वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही अधिक वाढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीच सुचवल्या आहेत. प्रशिक्षक शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, साखळी किंवा ‘त्याला दाखवून द्यायचं’ असं आलं तर दुसरा शोधा.

शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला, हात लावू देईना, तर शिकवणीआधी पशुवैद्य. कान, दात, सांधे यांचं दुखणं वागण्यातून आधी दिसतं. चावा घेतला असेल तर या लेखावर न थांबता पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ दोघांचीही मदत घ्या.

खाऊ कमी केव्हा करायचा

लोकांच्या अपेक्षेपेक्षा उशिरा. एखादी कृती तीन वेगवेगळ्या जागी, घरातल्या सगळ्यांच्या सांगण्यावरून, पाचपैकी पाच वेळा होऊ लागली की मग काही वेळा तुकड्याऐवजी त्याला त्या क्षणी हवं असलेलं दुसरं काही द्या. बसला की दार उघडेल. पट्टा सैल ठेवला की झाडाशी हुंगायला मिळेल. चटईवर थांबला की चेंडू येईल. तुकडे मध्येच द्या, कधी एक, कधी चार; कुठल्या वेळी येतील हे त्याला कळू देऊ नका. कृती ढिली पडू लागली तर आठवडाभर पुन्हा प्रत्येक वेळी बक्षीस.

चटईवरची लांब बैठक काही तुकड्यांवर सांभाळता येते. बाहेरच्या हाकेचं बक्षीस मात्र आयुष्यभर चालू ठेवा, आणि पिशवीत त्यासाठी नेहमी पाच-सहा चांगले तुकडे असू द्या.